मुलांमधील अ‍ॅलर्जी : ओळख आणि चाचण्या

दूध, अंडे, परागकण, धुळीतले माइट (बारीक किडे) अशा एरवी निरुपद्रवी गोष्टींना शरीराची प्रतिकारयंत्रणा शत्रू समजते आणि त्यांच्यावर तुटून पडते, तेव्हा त्याला अ‍ॅलर्जी म्हणतात. ‘वावडे’ हा जुना शब्द याच्या जवळचा, पण सैल आहे. न पचणेही त्यात येते. दुधातली साखर न पचल्याने पोट फुगणे ही अ‍ॅलर्जी नव्हे. ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द व्हिएन्नातील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फोन पिर्के यांनी १९०६ मध्ये वापरात आणला. उपचार म्हणून घोड्याचा रक्तद्रव दुसऱ्यांदा टोचलेल्या मुलांना पहिल्या वेळेपेक्षा लवकर आणि जास्त त्रास होतो, हे त्यांच्या लक्षात आले होते. म्हणजे आधी ओळख, मग वैर. ‘पण त्याने हे आज पहिल्यांदाच खाल्लं’ असे पालक सांगतात तेही खरे असू शकते, कारण ही ओळख त्वचेतूनही होते. विशेषतः इसब असलेल्या बाळांत.

निदानाचा मोठा भाग हकिगतीतच असतो. काय खाल्ले, किती खाल्ले, किती वेळाने त्रास झाला, आधी तोच पदार्थ सोसला होता का? आयजीई या प्रतिपिंडामुळे (प्रतिकारयंत्रणेने बनवलेल्या प्रथिनामुळे) होणारी अ‍ॅलर्जी बहुधा काही मिनिटांत, फार तर दोन तासांत दिसते : अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलटी होते, खोकला लागतो. गांधी दवाखान्यात पोहोचेपर्यंत मावळतात, म्हणून फोनवर काढलेला फोटो उपयोगी पडतो. मात्र लहान मुलांत गांधी उठण्यामागे अनेकदा विषाणूचा संसर्ग असतो आणि खापर त्या वेळी चालू असलेल्या अँटिबायोटिकवर फुटते. काही अ‍ॅलर्जींत आयजीईचा संबंध नसतो. एका प्रकारात बाळ खाल्ल्यावर एक ते चार तासांनी वारंवार ओकते, पांढरेफटक पडते; दुसऱ्यात शीमध्ये रक्ताचे धागे दिसतात. अशा वेळी पुढे सांगितलेल्या त्वचेच्या आणि रक्ताच्या दोन्ही चाचण्या सहसा निर्दोष येतात. नाकाची अ‍ॅलर्जी मुलाच्या सवयीवरूनच कळते : तळहाताने नाकाचा शेंडा वर ढकलत राहायचे, इतके की नाकावर आडवी रेघ उमटते. सर्दी आठवडा-दहा दिवसांत ओसरते. इथे ताप नसतो, खाज असते, आणि पाणी वाहतच राहते.

गांधी किंवा सुजेबरोबर धाप लागली किंवा मूल मलूल पडले, तर चाचणीचा विचार नंतर. आधी मांडीच्या बाहेरच्या स्नायूत अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन आणि लगेच रुग्णालय; खाजेचे औषध त्याची जागा घेऊ शकत नाही.

त्वचाचाचणीत हातावर, तान्ह्या बाळाच्या पाठीवर, अर्कांचे थेंब ठेवून प्रत्येकातून त्वचेला बारीक टोक टेकवतात. रक्त येत नाही. मूल रडते ते बहुधा धरून ठेवल्यामुळे. शेजारी तुलनेसाठी हमखास गांधी उठवणाऱ्या हिस्टामिनचा आणि न उठवणाऱ्या मिठाच्या पाण्याचा थेंब असतो. पंधरा मिनिटांनी, मिठाच्या पाण्यापेक्षा निदान ३ मिलिमीटर मोठी गांधी आली तर चाचणी सकारात्मक. अँटिहिस्टामिन, म्हणजे खाजेचे औषध, आधी सुमारे आठवडाभर बंद ठेवावे लागते, नाहीतर हिस्टामिनचा थेंबही गप्प बसतो. औषध थांबवणे शक्य नसेल किंवा अंगभर इसब असेल, तर रक्तातील विशिष्ट आयजीई मोजतात. तान्ह्या बाळाची चाचणी होतच नाही, हा समज चुकीचा आहे.

खरी गफलत अहवाल वाचताना होते. सकारात्मक चाचणी शरीराने तो पदार्थ ओळखल्याचे सांगते. तो खाल्ल्यावर त्रास होईलच असे नाही. आकडा मोठा असेल तर अ‍ॅलर्जीची शक्यता वाढते, प्रतिक्रिया किती तीव्र होईल ते मात्र त्यावरून ठरत नाही. म्हणूनच डझनावारी पदार्थांची सरसकट तपासणी करून घेऊ नये. दूध-अंडे आनंदाने खाणाऱ्या मुलाचे ताट अशा कागदापायी रिकामे होते, वाढ खुंटते, आणि बंद केलेला पदार्थ पुढे सोसेनासा होण्याचाही धोका असतो. आयजीजी या दुसऱ्या प्रतिपिंडाची चाचणी तर मुलाने तो पदार्थ खाल्ला आहे एवढेच सांगते. तिच्यावर खर्च करण्यात अर्थ नाही.

शंका उरलीच तर निर्णायक कसोटी म्हणजे रुग्णालयात, अ‍ॅड्रेनालिन हाताशी ठेवून, तो पदार्थ कणाकणाने वाढवत खाऊ घालणे आणि नंतर काही तास लक्ष ठेवणे. आयजीईशी संबंध नसलेल्या सौम्य प्रकारांत पदार्थ दोन ते चार आठवडे बंद करून पुन्हा सुरू करतात. ‘पुन्हा सुरू’ हा भाग घरोघरी गाळला जातो आणि निदान अर्धवट राहते.

दूध व अंड्याची अ‍ॅलर्जी बरीच मुले वाढत्या वयात मागे टाकतात, शेंगदाण्याची त्या मानाने थोडीच. त्यामुळे ठरावीक काळाने फेरतपासणी करतात. आकडे उतरत असतील, तर केकसारख्या भाजलेल्या पदार्थातील अंड्यापासून सुरुवात करण्याचा विचार होतो, कारण दीर्घ उष्णतेने काही प्रथिनांची घडण मोडते.