वीज काढून घेतलेल्या पाण्यात काय उरते?

धरणाच्या पाण्यापासून वीज तयार केली की त्या पाण्याचा कस जातो, मग ते शेताला दिले तरी पीक जोम धरत नाही, अशी एक समजूत आपल्या देशात वर्षानुवर्षे टिकून आहे. चांगली शिकलेली माणसेही ती बोलून दाखवतात. खोलात विचारले तर ‘त्यातली वीज काढून घेतली ना!’ एवढेच उत्तर मिळते. हे ऐकून मला नुसते हसून सोडून देता येत नाही, कारण या समजुतीत एक फार चांगला प्रश्न दडलेला आहे. पाण्यातून नेमके काय काढून घेतले जाते? उत्तर शोधायला मी तुम्हाला सिक्कीमला नेणार आहे.

सिक्कीम म्हणजे ७०९६ चौरस किलोमीटरचे राज्य. २०११ च्या जनगणनेत तिथे सहा लाख दहा हजार माणसे मोजली गेली. राज्यात कोळशावर चालणारे एकही मोठे केंद्र नाही, अणुवीज नाही. जे काही आहे ते तीस्ता, रंगीत आणि त्यांना मिळणाऱ्या नद्यांवर. तीस्ता-३ हे १२०० मेगावॉटचे सर्वांत मोठे केंद्र २०१७ मध्ये सुरू झाले. त्याच्या खाली एनएचपीसी या केंद्र सरकारच्या जलविद्युत कंपनीचे तीस्ता-५, ५१० मेगावॉटचे, २००८ पासूनचे. रंगीत नदीवर एनएचपीसीचेच ६० मेगावॉटचे जुने केंद्र. शिवाय रोंगनीचू, चुजाचेन, ताशिदिंग, जोरेथांग लूप, दिकचू ही शंभर मेगावॉटच्या आसपासची खासगी केंद्रे. या सगळ्यांच्या क्षमतेची बेरीज २२०० मेगावॉटच्या वर जाते आणि राज्याची स्वतःची गरज मात्र दीड-दोनशे मेगावॉटच्या आत भागते. उरलेली वीज ग्रिडमधून, म्हणजे देशभरच्या वीजवाहिन्यांच्या जाळ्यातून, बाहेर जाते. ज्या राज्यात प्रकल्प उभा राहतो त्याला १२ टक्के वीज मोफत द्यायची, असा जलविद्युत धोरणाचा नियम आहे, त्यातून सिक्कीमला उत्पन्न मिळते.

एवढ्याशा राज्यात एवढी वीज कुठून आली? पाऊस भरपूर आहे, बर्फ आहे, पण खरे कारण उतार. दक्षिणेची खोरी समुद्रसपाटीपासून जेमतेम ३०० मीटरवर आणि पश्चिम सीमेवर ८५८६ मीटरचे कांचनजंगा. जलविद्युतीत दोनच गोष्टी मोजायच्या असतात, सेकंदाला किती पाणी येते आणि ते किती उंचीवरून पडते. या उंचीला अभियंते ‘हेड’ म्हणतात. तीस्ता-३ चे हेड सुमारे ८०० मीटर आहे. लाचेन आणि लाचुंग या दोन नद्यांचा चुंगथांगला संगम होतो, तिथे पाणी अडवून डोंगराच्या पोटातल्या बोगद्यात घेत असत. बोगदा जवळजवळ सपाट नेतात आणि शेवटी एकदम खाली सोडतात. नदी वळसे घेत जी उंची हळूहळू गमावते, ती अशी एका जागी हातात येते.

आता हिशेब करू. एक घनमीटर पाणी म्हणजे १००० किलोग्रॅम. ते ८०० मीटर पडले तर १००० × ९.८ × ८००, म्हणजे सुमारे ७८ लाख जूल ऊर्जा मिळते. एक युनिट वीज म्हणजे ३६ लाख जूल. गळती धरूनही एका घनमीटरमागे जवळपास दोन युनिट हाती लागतात.

ही ऊर्जा पाण्यातून काढण्याची युक्ती मला यंत्रशास्त्रातल्या सर्वांत देखण्या युक्त्यांपैकी एक वाटते. तीस्ता-३ मध्ये प्रत्येकी २०० मेगावॉटची सहा पेल्टन टर्बाइन बसवली आहेत. लेस्टर पेल्टन हा कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या खाणींच्या परिसरात काम करणारा कारागीर. त्याला १८८० मध्ये या चाकाचे पेटंट मिळाले. चाकाच्या परिघावर जोडवाट्या बसवलेल्या असतात आणि दोन वाट्यांच्या मध्ये एक धारदार कणा असतो. नोझलमधून सुटलेला पाण्याचा झोत या कण्यावर आदळून दुभंगतो, वाट्यांच्या आतल्या वळणावरून घसरत जातो आणि जवळपास उलट्या दिशेने बाहेर पडतो.

८०० मीटरच्या हेडखाली झोताचा वेग सेकंदाला सुमारे १२५ मीटर होतो, म्हणजे ताशी ४५० किलोमीटर. मग वाटीचा वेग किती ठेवायचा? वाटी स्थिर असेल तर पाणी तेवढ्याच वेगाने मागे फिरेल आणि काम शून्य, कारण चाक हललेच नाही. वाटी झोताच्याच वेगाने पळत असेल तर पाणी तिला गाठणारच नाही, पुन्हा काम शून्य. उत्तर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी आहे. भिंतीवर चेंडू मारला की तो त्याच वेगाने परत येतो. पण भिंत चेंडूच्या दिशेनेच मागे सरकत असेल तर तो मंदावून परततो. भिंत चेंडूच्या नेमक्या निम्म्या वेगाने सरकत असेल तर आदळल्यावर चेंडू जागच्या जागी थांबतो आणि सरळ खाली पडतो.

बीजगणितात मांडले तर असे. झोताचा वेग व, वाटीचा वेग प. वाटीवर बसून पाहणाऱ्याला पाणी (व − प) वेगाने येताना दिसेल आणि तेवढ्याच वेगाने उलटे जाताना दिसेल. जमिनीवरून पाहणाऱ्याला बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग प − (व − प), म्हणजे २प − व दिसेल. प हा व च्या निम्मा असेल तर हे उत्तर शून्य येते. ताशी ४५० किलोमीटरने आलेले पाणी सगळा वेग चाकाला देऊन मोकळे होते. प्रत्यक्षात पाणी पूर्ण १८० अंशांत वळवत नाहीत, कारण ते मागून येणाऱ्या वाटीच्या पाठीवर आदळेल. म्हणून सुमारे १६५ अंशांत वळवतात, आणि वाटीचा वेगही निम्म्याहून किंचित कमी ठेवतात. तरीही ९० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा चाकात उतरते.

याच हिशेबातून चाकाचा आकारही ठरतो. ग्रिडची वारंवारता ५० हर्ट्झ, त्यामुळे जनित्राच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या म्हणजे ३००० भागिले त्यातल्या चुंबकी ध्रुवांच्या जोड्या. आठ जोड्या घेतल्या तर ३७५ फेऱ्या. वाटीचा वेग सेकंदाला ६२ मीटरच्या आसपास हवा, म्हणून चाकाचा व्यास तीन मीटरच्या थोडा वर येतो. म्हणजे डोंगराची उंची झोताचा वेग ठरवते, झोत वाटीचा वेग ठरवतो आणि ग्रिड फेऱ्या ठरवते. चाक किती मोठे करायचे याबाबत अभियंत्याच्या हातात फार थोडे उरते. तीस्ता-५ ला हेड सुमारे २०० मीटरच आहे पण पाणी जास्त, म्हणून तिथे फ्रान्सिस जातीची टर्बाइन आहेत. त्यांच्यात झोत नसतो, पाणी दाबाखाली संपूर्ण टर्बाइन भरून वाहते.

मग पाण्यातून गेले काय? समजा केंद्र बांधलेच नाही आणि तेच घनमीटरभर पाणी खडकांवर आपटत ८०० मीटर खाली आले. त्याचे ७८ लाख जूल कुठे जातील? थोडे आवाजात, थोडे दगड-वाळू ढकलण्यात आणि बाकी सगळे उष्णतेत. सगळे उष्णतेत गेले असे धरले तरी पाण्याचे तापमान दोन अंश सेल्सियसही वाढणार नाही, १.९ अंशच वाढेल. १९ व्या शतकात जेम्स जूल यांनी असाच हिशेब नायगाराचा केला होता. धबधब्याच्या पायथ्याचे पाणी माथ्यापेक्षा फॅरनहाइटच्या सुमारे पंचमांश अंशाने उबदार असावे, असे त्यांचे उत्तर होते. टर्बाइनमधून आलेल्या पाण्यात ही ऊब जवळजवळ येत नाही, ती तारेतून निघून जाते. जे १० टक्के चाकाला पकडता आले नाहीत, तेवढ्यानेच पाणी अंशाच्या पाचव्या हिश्श्याने तापते. जास्त हेडच्या केंद्रांत टर्बाइनची कार्यक्षमता मोजायची एक मान्य पद्धत यावरच उभी आहे. पाणी आत जाताना आणि बाहेर पडताना तापमानातला फरक अंशाच्या हजारांशापर्यंत मोजतात आणि त्यावरून यंत्र किती ऊर्जा वाया घालवते ते सांगतात.

कस निघून गेल्याचा दावा करणाऱ्यांनी हा फरक समजून घ्यावा. पाण्याचा रेणू तोच राहतो, विरघळलेली खनिजे तीच राहतात. वीज पाण्यात साठलेली कधीच नव्हती, ती जनित्रातल्या तारेत तयार होते. पाण्याने दिली ती फक्त उंची, आणि ती उंची त्याने शेतापर्यंत येताना तशीही गमावलीच असती.

पण अंधश्रद्धा खोडली म्हणून सगळे आलबेल आहे असे मी म्हणणार नाही. टर्बाइनच्या वाट्या हिमालयातल्या कठीण वाळूने घासून जाऊ नयेत म्हणून पाणी आधी मोठ्या कक्षांत संथ करून गाळ खाली बसवतात. त्याने नदीचे गाळाचे वहन बदलते. पाणी बोगद्यात गेले की धरण आणि वीजगृह यांच्या मधल्या टप्प्यात नदीत हिवाळ्यात फारसे काही उरत नाही. नदीचा प्रवाह आटतो त्या काळात पाणी साठवून संध्याकाळच्या मागणीच्या वेळी काही तासच यंत्रे चालवतात, त्यामुळे खालची नदी दिवसातून चढते-उतरते. उत्तर सिक्कीममधल्या झोंगू भागातल्या लेपचा समाजाने तीस्तेवरच्या प्रकल्पांना वर्षानुवर्षे विरोध केला. त्या विरोधाला कोणी अडाणीपणा म्हणत असेल तर त्याला नदी माहीत नाही. अशा प्रकल्पांना लावल्या जाणाऱ्या ‘रन ऑफ द रिव्हर’ या शब्दांनीही मोठी दिशाभूल होते. ऐकणाऱ्याला वाटते की नदी जशी आहे तशी वाहते. प्रत्यक्षात तीस्ता-३ साठी चुंगथांगला ६० मीटर उंचीचे दगडभरावाचे धरण होते.

होते, असे लिहावे लागते. ३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री उत्तर सिक्कीममध्ये सुमारे ५२०० मीटर उंचीवरच्या दक्षिण ल्होनाक या हिमनदी-सरोवरात काठावरच्या गोठलेल्या दगडमातीचा प्रचंड भाग कोसळला. त्यातून उठलेल्या लाटेने सरोवराचा नैसर्गिक बांध फोडला आणि सुमारे पाच कोटी घनमीटर पाणी खाली सुटले. मध्यरात्रीच्या सुमारास ते चुंगथांगला पोचले आणि धरण वाहून गेले. खालच्या तीस्ता-५ चेही मोठे नुकसान झाले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये दरड कोसळून त्या केंद्राला दुसरा फटका बसला.

मघाचाच हिशेब इथे लावून पाहा. सरोवरापासून चुंगथांगपर्यंतचा उतार साधारण साडेतीन हजार मीटर. पाच कोटी घनमीटर पाणी तेवढे उतरले तर सुमारे ४७ कोटी युनिट ऊर्जा मोकळी होते. १२०० मेगावॉटचे केंद्र पूर्ण क्षमतेने सलग सोळा दिवस चालवले तर एवढी वीज होईल. ती काही तासांत मोकळी झाली, आणि ती पकडायला कुठेही चाक नव्हते. तिने डोंगराचे काठ खरवडले, दगड वाहून आणले. आलेला लोंढा म्हणूनच नुसत्या पाण्यापेक्षा कितीतरी जड होता.

हे सरोवर धोक्याचे आहे हे तज्ज्ञांना आधीपासून माहीत होते. २०१६ मध्ये तिथे पाइप टाकून सायफनने पाणी कमी करण्याचा प्रयत्नही झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये कॅमेरा आणि हवामान मोजणारी उपकरणे बसवली गेली, पण खालच्या गावांना आपोआप इशारा देणारी यंत्रणा अजून पूर्ण व्हायची होती. आता जुन्या धरणाच्या जागी सुमारे ११८ मीटर उंचीचे काँक्रीटचे धरण आणि दुपटीहून मोठा सांडवा बांधायच्या प्रस्तावाला पर्यावरण मंत्रालयाच्या तज्ज्ञ समितीने २०२५ च्या सुरुवातीला अनुकूलता दाखवली आहे. सांडवा मोठा हवा हे खरेच आहे. पण त्याची दारे वेळेवर उघडली तरच तो कामाचा. सरोवरापासून चुंगथांगपर्यंत लोंढ्याला सुमारे दोन तास लागतात, दारे उघडायला त्याहून कमी वेळ लागतो. म्हणून काँक्रीटचा पहिला थर पडण्याआधी ल्होनाकवरचा इशारा थेट धरणाच्या नियंत्रण कक्षात आणि खोऱ्यातल्या प्रत्येक वस्तीत पोचायला हवा.