केजन सहलीला येताय? शुक्रवारची रात्र न्यू ऑर्लिन्समध्ये काढू नका

मुलांच्या शाळांना सुट्टी लागली, पुण्या-नाशिकहून आई-बाबा दोन महिन्यांसाठी आले, की आमचा फोन वाजायला लागतो. लुइझियानाची केजन सहल, म्हणजे तिथल्या फ्रेंच वंशाच्या केजन लोकांच्या मुलखातली सहल, आम्ही ह्यूस्टनहून नेतो. एक व्हॅन, अकरा माणसं, शुक्रवार दुपार ते रविवार संध्याकाळ. फोन करणाऱ्या बहुतेकांनी जेवण, संगीत आणि दलदलीतली होडी याबद्दल बरंच वाचलेलं असतं, त्यामुळे तेच परत सांगत नाही. हे पत्रक एका वाक्यासाठी छापलं आहे, जे आम्हाला उन्हाळाभर ऐकायला मिळतं: "आम्ही शुक्रवारी न्यू ऑर्लिन्सला राहतो, शनिवारी सकाळी तुम्हाला येऊन मिळतो."

असं ठरवलंत तर सहलीतली सगळ्यात चांगली सकाळ, म्हणजे युनिस गावातल्या वाद्यांच्या दुकानात शनिवारी भरणारी केजन संगीताची मैफल, हातची जाते. कशी, ते नीट सांगतो.

केजन मुलूख नेमका कुठे

न्यू ऑर्लिन्स सुंदर शहर आहे, अवश्य बघा. पण ते क्रिओल शहर, म्हणजे फ्रेंच, स्पॅनिश आणि आफ्रिकी रीतींच्या मिश्रणातून घडलेलं. केजन लोक मूळचे अकेडियाचे, म्हणजे आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया भागातले फ्रेंच बोलणारे शेतकरी. १७५५ मध्ये ब्रिटिशांनी त्यांच्या जमिनी आणि गुरंढोरं काढून घेतली आणि त्यांना जहाजांत कोंबून देशोधडीला लावलं. दहा वर्षं वणवण करून, १७६५ मध्ये, जोसेफ ब्रूसार उर्फ बोसोलेय याच्याबरोबर काही कुटुंबं लुइझियानात आली आणि बायू टेश या संथ ओढ्याच्या परिसरात वसली. मागून आणखी येत राहिली. 'अकेडियन'चं बोलता बोलता 'केजन' झालं. आज राज्यातल्या २२ पॅरिश, म्हणजे आपल्या हिशेबाने २२ जिल्हे, मिळून हा मुलूख होतो, आणि त्याचं मुख्य शहर आहे लाफायेट.

न्यू ऑर्लिन्सहून लाफायेट सुमारे १३५ मैल. मोकळा रस्ता मिळाला तर सव्वादोन तास. पण वाटेत अचाफलाया दलदलीवरचा १८ मैलांचा पूल लागतो. पुलावर एखादा ट्रक आडवा झाला की पुढे जाता येत नाही, मागे फिरता येत नाही, आणि खाली उतरायच्या वाटा दोनच. लाफायेटहून युनिस गाव अजून पाऊण तास. म्हणजे सकाळी आठला हॉटेल सोडलंत तरी सगळं सुरळीत पार पडून युनिसला पोचायला अकरा. आणि तिथली मैफल बाराला संपते.

दोन वर्षांपूर्वी एका कुटुंबासाठी आम्ही थांबलो होतो. ते पुलावर अडकले, आम्ही लाफायेटच्या पेट्रोल पंपावर. व्हॅनमधल्या उरलेल्या सात जणांची सकाळ गेली, त्यात सांगलीहून आलेले एक आजोबा होते. ते घरी पेटी वाजवतात आणि खास त्या मैफलीसाठी आले होते. बारा वाजून दहा मिनिटांनी आम्ही दुकानाच्या दारात उभे होतो आणि आतले लोक फिडल, म्हणजे व्हायोलिन, खोक्यात ठेवत होते. त्या दिवसापासून शनिवारी सकाळी कुणासाठीही थांबायचं नाही आणि न्यू ऑर्लिन्सहून कुणाला घ्यायचं नाही, हा नियम केला. काहींना तो कडक वाटतो. पण एका कुटुंबाच्या सोयीसाठी बाकीच्यांची सकाळ जाऊ नये, एवढंच त्यामागे आहे.

शनिवार सकाळच का

युनिसमध्ये मार्क सॅव्वा यांचं वाद्यांचं दुकान आहे, १९६६ पासूनचं. ते स्वतः अकॉर्डियन बनवतात. शनिवारी सकाळी नऊला तिथे गावातले आणि आसपासचे वादक जमतात. तिकीट नाही, स्टेज नाही. लोक येताना बुदँ घेऊन येतात, भात आणि डुकराचं मांस भरलेली गरम सॉसेज. ती कागदात उलगडून ठेवलेली असतात, आणि दुकानभर लाकडाचा, वॉर्निशचा आणि मिरीचा वास एकत्र दरवळत असतो. ऐंशीच्या घरातले आजोबा फ्रेंचमध्ये गातात आणि शेजारी बारा वर्षांचा मुलगा त्यांच्या बोटांकडे बघत फिडल वाजवतो. १९२१ च्या राज्यघटनेने शाळांत फक्त इंग्रजी ठेवली, फ्रेंच बोललं म्हणून मुलांना शिक्षा व्हायच्या. त्या पिढीने आपल्या मुलांशी फ्रेंच बोलणंच सोडून दिलं. १९६८ मध्ये फ्रेंच टिकवण्यासाठी राज्याने खास संस्था काढली, पण भाषा खऱ्या अर्थाने जगली ती गाण्यांत. परदेशात मुलांना मराठी शिकवताना दमछाक होणाऱ्या आई-बाबांना त्या खोलीत काय वाटतं, ते आम्ही दर वेळी बघतो.

अकॉर्डियनकडे नीट बघा. केजन अकॉर्डियन छोटी असते, दहा बटणांची. भाता दाबला की एका बटणाचा एक सूर, ओढला की त्याच बटणाचा दुसरा. आपल्या पेटीतही अशाच धातूच्या पट्ट्या हवेवर थरथरतात, त्यामुळे पेटी वाजवणाऱ्या माणसाला पाचेक मिनिटांत त्या वाद्याची गंमत कळते. सांगलीचे ते आजोबा पुढच्या उन्हाळ्यात परत आले. या वेळी शुक्रवारी रात्री लाफायेटला राहिले आणि नऊला पाच कमी असताना खुर्ची पकडून बसले. वाजवणाऱ्याने दोन गाण्यांच्या मधे वाद्य त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी भाता ओढला, सूर बदललेला ऐकला, पुन्हा दाबला, आणि मान डोलावली.

साथीला लोखंडी त्रिकोण असतो. पूर्वी तो गवत गोळा करायच्या दाताळ्याच्या जुन्या दात्यांपासून बनवायचे. झायडेको हे संगीत वेगळं, ते इथल्या कृष्णवर्णीय क्रिओल लोकांचं. त्यात छातीवर पत्र्याचा पन्हळी बंडीसारखा घासपत्रा घालून चमच्यांनी वाजवतात. झायडेकोसाठी ब्रो ब्रिज गावात शनिवारी सकाळी नाश्त्याबरोबर नाच असतो, पण तो आणि युनिस, दोन्ही एकाच सकाळी गाठता येत नाहीत. ज्यांना नाचायचंच आहे त्यांनी नोंदणीच्या वेळी सांगावं. चारपेक्षा जास्त जण असले तर आम्ही दुसरी गाडी ठरवतो. मामू गावातला फ्रेड्स लाउंजही शनिवार सकाळसाठीच प्रसिद्ध आहे. तो बार आहे आणि सकाळपासून बिअर चालते, म्हणून मुलं बरोबर असतील तर तिथे नेत नाही.

रात्रीच्या नाचाला इथे फे दो-दो म्हणतात. त्याचा अर्थ 'बाळा, जोजो कर'. मुलांना आतल्या खोलीत निजवायचं आणि मोठ्यांनी बाहेर नाचायचं. लहान मुलं असतील तर पातळ पांघरूण आणा. एसी कडक असतो आणि मुलं खरंच झोपतात.

होडी रविवारी सकाळी सातला, त्याआधी नाही, त्यानंतरही नाही

"अकराची होडी नाही का?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न. आहे, इतर लोक नेतात. आम्ही नेत नाही. जुलैत इथे पारा ३३-३४ अंशांवर असतो आणि हवा मे महिन्यातल्या चिपळूणसारखी घामट. दुपारी ढग भरून येतात आणि विजांसह सर कोसळते, ती टळली तर नशीब. मगरीसुद्धा उन्हाच्या वेळी पाण्याखाली किंवा सावलीत जातात. सकाळी सातला पाण्यावर धुकं असतं, पक्षी घरट्यांवर असतात, आणि मगरीचे नुसते डोळे आणि नाकपुड्या पाण्याच्या रेषेवर दिसतात. (तज्ज्ञ लोकांसाठी: ही अ‍ॅलिगेटर, आपल्याकडच्या मगरीची नातलग.)

आम्ही लेक मार्टिनला जातो, ब्रो ब्रिजजवळ. पाण्यात सायप्रसची झाडं उभी असतात आणि त्यांच्या भोवती मुळांचे सुळके वर आलेले. कोकणातल्या खाडीत तिवरांची मुळं चिखलातून वर येतात ना, ते आठवतं, फक्त हे सुळके गुडघ्याएवढे जाड असतात आणि लोक त्यांना गुडघेच म्हणतात. फांद्यांवरून करड्या दाढ्या लोंबतात, त्या स्पॅनिश मॉस. ते शेवाळ नव्हे, अननसाच्या कुळातली वनस्पती आहे. एके काळी ती वाळवून गाद्यांत आणि मोटारींच्या सीटमध्ये भरायचे. बगळ्यांच्या गर्दीत गुलाबी चमच्या दिसला तर कॅमेरा हळू उचला, जोरात बोललात तर तो उडतो. आणि हो, जांभळ्या फुलांचं ते हिरवं गालिचा पसरल्यासारखं दिसतं ती आपली जलपर्णीच. पुण्यात मुळा-मुठेत जी डोकेदुखी, तीच इथेही आहे.

पंख्याच्या वेगवान होडीची चौकशी मुलं फार करतात. ती आम्ही घेत नाही, कारण आवाजासाठी कान झाकावे लागतात आणि मग बेडकांपासून पक्ष्यांपर्यंत काहीच ऐकू येत नाही. आमची होडी सपाट तळाची, लहान इंजिनाची. नावाडी मधेच इंजिन बंद करतो. ती पाच-सात मिनिटं सगळ्यांनी गप्प राहायचं, एवढी एकच अट. मगरीला मार्शमॅलो फेकून जवळ बोलावणारे काही होडीवाले आहेत. आमचा नावाडी ते करत नाही. माणूस दिसला की खाऊ मिळतो, हे मगरीला शिकवणं धोक्याचं आहे, आणि आपल्या सोबत लहान मुलं असतात.

शाकाहारी मंडळींनी दहा दिवस आधी सांगावं

इथे मात्र जपून. "मी व्हेज आहे" असं उपाहारगृहात आयत्या वेळी सांगितलं की वेटर हसून मान डोलावतो आणि बीन्स आणतो. त्या बीन्समध्ये बहुतेक वेळा हॅम किंवा सॉसेज शिजलेलं असतं. हिरव्या शेंगांत बेकन, भातात काळीज, मक्याच्या मॉक शूमध्येही बेकनचं तूप. त्यात फसवायचा कुणाचा हेतू नसतो, तिथे चव अशीच लावतात.

म्हणून शनिवारी संध्याकाळचं जेवण आम्ही एका घरगुती स्वयंपाक करणाऱ्या काकूंकडे ठरवतो. शाकाहारी गंबो, म्हणजे इथला दाट रस्सा, त्या वेगळ्या भांड्यात करतात, भाज्यांच्या पाण्यावर. ती सुरू होते 'रू'पासून, म्हणजे तेलात मैदा भाजण्यापासून. बेसनाचे लाडू करताना बेसन भाजतो तसंच, मंद आचेवर, हात न थांबवता. फक्त खमंग वास आल्यावर थांबायचं नाही, तर रंग चॉकलेटसारखा होईपर्यंत पुढे जायचं. पाऊण तास लागतो. एक काळा ठिपका दिसला तर सगळं टाकून पुन्हा सुरुवात. मग त्यात कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची, आणि मग भेंडी. गंबो हे नावच आफ्रिकेतल्या भाषांमधल्या भेंडीच्या शब्दावरून आलं, असं मानतात. आमच्या आईने ते भांडं बघून विचारलं होतं, "एवढी भेंडी, आणि तार नाही?" तार असतेच, पण त्या दाट रश्श्यात ती मुरते आणि रस्सा धरून ठेवते. भाताबरोबर वाढतात. कांदा-लसूण न खाणाऱ्यांसाठी मात्र हे जमत नाही. आमच्याकडे भाजी-भाकरीचा डबा मिळेल, तसं आधी कळवा.

मासे खाणाऱ्यांचा प्रश्न एकच: क्रॉफिश मिळतील का? गोड्या पाण्यातल्या या बोटभर शेवंडीचा ऐन हंगाम मार्च ते मे. भाताच्या खाचरांतच त्या वाढवतात. जूनअखेर ताजे उकडलेले क्रॉफिश जवळजवळ संपतात, जुलैत मिळतं ते गोठवलेल्या मांसाचं एतुफे, म्हणजे भातावर घ्यायचं दाट कालवण, ते चांगलंच लागतं. पण उन्हाळा हा इथे कोलंबीचा आणि निळ्या चिंबोऱ्यांचा. मालवणची माणसं चिंबोऱ्यांची पाटी बघून क्रॉफिशचं नावही काढत नाहीत. ज्यांना क्रॉफिशच हवेत त्यांच्यासाठी आमच्या एप्रिलमध्ये दोन सहली असतात, त्यांची नोंदणी जानेवारीत उघडते.

थोडं नोंदणीबद्दल

व्हॅन ह्यूस्टनहून शुक्रवारी दुपारी एकला निघते. २१५ मैल, शुक्रवारच्या गर्दीत साडेचार तास धरा. स्वतःच्या गाडीने येणाऱ्यांनी शुक्रवारी रात्री दहापर्यंत लाफायेटच्या हॉटेलात पोचावं. खोल्या आम्ही घेऊन ठेवतो, त्यांचा दर सहलीच्या पैशांत आहे. न्यू ऑर्लिन्स बघायचंच असेल तर रविवारी दुपारनंतर तिकडे जा, लेक मार्टिनपर्यंत ह्यूस्टनहून निम्म्याहून जास्त वाट तुम्ही आलेलेच असता. सोमवार-मंगळवारी तिथे हॉटेलही स्वस्त पडतं. हवं असेल तर ते आम्ही ठरवून देतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही. इथे दुकानदार खरेदीवर थोडं जास्तीचं देतात, त्याला लॅन्यॅप म्हणतात. भाजीवाली कोथिंबिरीच्या चार काड्या वर टाकते, तसंच ते समजा.

जून ते नोव्हेंबर वादळांचा काळ असतो. मेक्सिकोच्या आखातात नाव दिलेलं वादळ उठलं आणि सहल रद्द करावी लागली तर पूर्ण पैसे परत. साध्या पावसाने सहल रद्द होत नाही, होडी तासभर पुढे ढकलतो.

आणायचं ते एवढंच: पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, टोपी, पाण्याची बाटली, डासांचं मलम, आणि आई-बाबांची औषधं हातातल्या पिशवीत. होडीत चढताना आजी-आजोबांना हात द्यायला आमचा माणूस धक्क्यावर असतो. गुडघ्यांचा त्रास असेल तर अर्जात लिहा, पुढची, पाठ टेकायची जागा राखून ठेवतो.