पिल्लं नक्की दिसतील ना? सील पाहायला निघण्याआधी वाचा

सीलच्या सहलीच्या चौकशीला फोन आला की पहिला प्रश्न थंडीचा असतो, दुसरा बोट लागण्याचा आणि तिसरा ठरलेला: "पिल्लं नक्की दिसतील ना?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं आमच्या तोंडपाठ आहेत. तिसऱ्याला आम्ही म्हणतो, "तारखेची खात्री देतो, संख्येची नाही." मग पलीकडे क्षणभर शांतता पसरते. हे लोक आत्तापासूनच हात वर करताहेत, असं वाटत असणार. फोनवर पाच मिनिटांत सगळं सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक.

तारीख पक्की कशी?

सीलची मादी वर्षाला फार तर एकच पिल्लू देते आणि कळपातल्या बहुतेक माद्या थोड्याच आठवड्यांत वितात. कॅलिफोर्नियात आन्यो नुएव्होच्या किनाऱ्यावर एलिफंट सीलच्या माद्या डिसेंबरच्या मध्यापासून येऊ लागतात आणि जानेवारीच्या अखेरीस तिथे सर्वाधिक गर्दी असते. दक्षिण अटलांटिकमधल्या साउथ जॉर्जिया बेटावर फर सीलची वीण डिसेंबरच्या सुरुवातीला ऐन भरात असते. दरवर्षी हे वेळापत्रक फारसं हलत नाही.

त्यामागची युक्ती गमतीची आहे. व्यायल्यानंतर काही दिवसांत किंवा आठवड्यांत मादीचा नराशी पुन्हा संयोग होतो. गर्भ धरतो, पण टाचणीच्या टोकाएवढा झाला की वाढायचा थांबतो आणि काही महिने गर्भाशयात नुसता तरंगत राहतो. मग दिवसाच्या उजेडातल्या बदलाची खूण मिळाली की तो रुजतो आणि खरी वाढ सुरू होते. उजेडाचं गणित दरवर्षी तेच, म्हणून वीणही त्याच सुमारास. आमच्या सहलींच्या तारखा या भरवशावर ठरतात.

पण गर्भ रुजणं वेगळं आणि तो शेवटपर्यंत पोसला जाणं वेगळं. मादीच्या अंगावर पुरेशी चरबी नसेल तर गर्भ राहत नाही, किंवा राहिला तरी मध्येच पडतो. कॅनडात न्यूफाउंडलंडजवळच्या हार्प सीलमध्ये हे नीट तपासलं गेलं आहे. कॅपेलिन नावाचा छोटा मासा कमी पडला त्या वर्षांत गर्भपात वाढलेले आढळले. किनाऱ्यावर एक मादी कमी दिसली तर ती मेली असेलच असं नाही. यंदा तिला परवडलं नाही, इतकंच.

शिदोरीवाल्या आणि हातावर पोट असलेल्या

सगळ्या सीलना एकच नियम लागत नाही. आमच्या मते सहलीला येणाऱ्या माणसाने एवढा एक फरक समजून घेतला तरी पुरे.

एलिफंट सील, हार्प सील, वेडेल सील हे खरे सील. यांना बाहेर दिसणारा कान नसतो आणि जमिनीवर ते पोटावर सरपटतात. यांच्या माद्या बव्हंशी शिदोरी बांधून येतात. आन्यो नुएव्होची एलिफंट सील मादी सात-आठ महिने उत्तर प्रशांत महासागरात एकटी फिरते, पाचशे-सहाशे मीटर खोल बुड्या मारून मासे आणि माकूळ खाते आणि मग किनाऱ्यावर येते. आल्यावर आठवड्याभरात विते आणि पुढचे चार आठवडे अन्नाचा कण नाही की पाण्याचा थेंब नाही. त्या काळात फक्त पाजत राहते. सुरुवातीला तिचं दूध त्या मानाने पातळ असतं, शेवटी शेवटी त्यात निम्म्याहून अधिक चरबी असते. साधारण 35 किलोचं पिल्लू महिन्याभरात 120 किलोच्या पुढे जातं आणि आईचं एक तृतीयांशाहून जास्त वजन उतरतं. एके दिवशी ती उठते, जाता जाता नराशी संयोग होतो आणि समुद्रात निघून जाते. मागे वळून बघतही नाही. हंगामाच्या शेवटी किनाऱ्यावर गोल गरगरीत, पिंपासारखी पिल्लं पडलेली दिसतात ती हीच, दूध तुटलेली. त्यांना पाहून लोक हसतात. पण ती चरबी म्हणजे पुढच्या दोन-अडीच महिन्यांचा उपास आहे.

फर सील आणि सी लायन वेगळे. यांना छोटे कान असतात आणि पुढच्या पंखांवर अंग उचलून ते चक्क चालतात. यांच्या माद्यांचं हातावर पोट. व्यायल्यावर आठवडाभर मादी पिल्लापाशी राहते, मग समुद्रात जाऊन खाऊन येते, दोन दिवस पाजते, पुन्हा जाते. साउथ जॉर्जियात हा क्रम चार महिने चालतो. आई समुद्रात असताना पिल्लू उपाशी.

आता समुद्र बिघडला तर काय होईल, याचा अंदाज यावरून बांधता येतो. शिदोरीवालीला फटका बसतो तो आदल्या महिन्यांचा, हजारो किलोमीटर दूरच्या पाण्याचा, आणि तो पिल्लाच्या वजनात दिसतो. हातावर पोट असलेलीला फटका बसतो तो याच आठवड्याचा, याच किनाऱ्यासमोरचा, आणि तो पिल्लाच्या जिवावर येतो.

समुद्र बिघडतो म्हणजे काय होतं?

गालापागोसचं उदाहरण घेऊ, कारण तिथे हे सर्वांत उघड दिसतं. ही बेटं विषुववृत्तावर, तरी तिथे फर सील राहतात, कारण खालून थंड पाणी वर येतं. वारे वरचं कोमट पाणी ढकलून नेतात आणि खोल प्रवाह बेटांना आदळून वर उसळतात. त्या थंड पाण्यात खतासारखी पोषणद्रव्यं असतात. त्यांवर सूक्ष्म वनस्पती वाढतात, त्यांवर बारीक जीव, त्यांवर मासे, त्यांवर सील.

एल निनोच्या वर्षी पूर्व प्रशांत महासागरावरचे हे वारे मंदावतात. कोमट पाण्याचा थर जाड होतो, थंड पाणी खालीच अडकतं आणि वर शेवाळही पिकत नाही. मासे दूर जातात किंवा खोल उतरतात. फर सील काही एलिफंट सील नव्हे, त्याला तेवढं खोल जाता येत नाही. आई एरवी रात्रीतून, फार तर दोन दिवसांत परतायची, ती आता कित्येक दिवस फिरत राहते आणि आली तरी तिला पान्हा नाही.

1982-83 च्या एल निनोत गालापागोसमध्ये 1982 साली जन्मलेली फर सीलची जवळजवळ सगळी पिल्लं गेली. फ्रिट्झ ट्रिलमिक हे संशोधक त्या काळात तिथे काम करत होते. त्यांच्या नोंदींनुसार 1980 ते 1983 या चार वर्षांतली पिल्लं जवळपास पुसली गेली आणि मोठे नरही मोठ्या संख्येने मेले. म्हणजे ज्याने 1986 साली तिथे तरुण सील शोधले असतील, त्याला ते दिसले नसतील. चार वर्षांपूर्वीच्या पाण्याचा परिणाम असा रेंगाळतो.

आन्यो नुएव्होची गोष्ट सावकाश उलगडणारी आहे. बर्नी ल बफ आणि डॅनियल क्रॉकर या संशोधकांनी तिथल्या दूध तुटलेल्या पिल्लांच्या वजनांचा अनेक वर्षांचा हिशोब 2005 साली मांडला. सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतर उत्तर प्रशांतचं पाणी दीर्घकाळ उबदार राहिलं, त्या काळात पिल्लांचं वजन घटत गेलं. नव्वदचं दशक सरता सरता पाणी थंड झालं आणि वजनही सावरू लागलं. आई कुठे जाऊन आली हे तुम्ही-आम्ही पाहिलेलं नसतं, पिल्लाच्या पाठीवरच्या चरबीवरून कळतं.

तिथे दुसराही धोका आहे. एल निनोच्या हिवाळ्यात कॅलिफोर्नियावर वादळं येतात, समुद्राची पातळीही चढलेली असते. ऐन विणीत उधाणाच्या लाटा वाळूवर शिरल्या की माद्या दाटीवाटीने मागे सरकतात, पिल्लं आयांपासून तुटतात. लहान पिल्लाला धड पोहता येत नाही. चुकून दुसऱ्या मादीजवळ गेलं तर ती त्याला चावते. 1983 साली असं मोठ्या प्रमाणावर घडलं आणि 1998 मध्येही.

साउथ जॉर्जिया: सगळं क्रिलवर

साउथ जॉर्जियाच्या फर सीलचं मुख्य अन्न क्रिल, म्हणजे कोळंबीसारखा बोटभर जीव. अंटार्क्टिकाभोवती हिवाळ्यात गोठलेल्या बर्फाच्या खालच्या बाजूला शेवाळ धरतं, क्रिलची पिल्लं ते खरवडून खातात. बर्फ कमी धरला की पुढे क्रिल कमी, आणि ते नेहमीच्या प्रवाहांतून साउथ जॉर्जियापर्यंत पुरेसं पोचत नाही. क्रिल कमी असलं की आईच्या समुद्रातल्या फेऱ्या लांबतात. हे इतकं भरवशाचं आहे, की अंटार्क्टिक समुद्राची जपणूक करणारा आंतरराष्ट्रीय आयोग फर सील माद्यांच्या फेऱ्यांचे दिवस आणि पिल्लांची वाढ मोजून समुद्राची तब्येत ओळखतो.

तिथल्या बर्ड आयलंडवर ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हे या संशोधन संस्थेने कित्येक दशकं नोंदी ठेवल्या आहेत. त्यांवरचा हाउमे फोर्काडा आणि जोसेफ हॉफमन यांचा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. माद्यांचं जन्मवजन घटलं आहे, पहिल्यांदा विताना त्यांचं वय वाढलं आहे आणि एकूण विणाऱ्या माद्या कमी झाल्या आहेत. आमच्या जुन्या प्रवाशांपैकी कोणी "पूर्वी किनाऱ्यावर पाऊल ठेवायला जागा नसायची" म्हणालं तर ती निव्वळ आठवणींची गोडी समजू नका.

बर्फ कमी, बर्फ जास्त

कॅनडातल्या सेंट लॉरेन्सच्या आखातातली पांढऱ्याशुभ्र हार्प पिल्लांची चित्रं सर्वांनी पाहिलेली असतात. ती पिल्लं तरंगत्या बर्फावर जन्मतात आणि जेमतेम बारा दिवस दूध पितात. त्यांची पांढरी लव वाऱ्यात ऊब देते, पाण्यात भिजली की काही कामाची नाही. बर्फ वेळेआधी फुटला तर पिल्लू बुडतं. 2010 आणि 2011 साली आखातात बर्फ नावापुरताच होता. अशा वर्षी आम्ही ती सहल करत नाही. बर्फच नसेल तर उतरायचं कशावर?

जास्त बर्फही वाईटच. मार्च 2000 मध्ये अंटार्क्टिकात समुद्रावर पसरलेल्या रॉस हिमपट्ट्यापासून बी-15 नावाचा सुमारे 11,000 चौरस किलोमीटरचा हिमनग तुटला. त्याच्या आडोशाने पुढची काही वर्षं तिथल्या मॅकमर्डो साउंड या खाडीतला बर्फ नेहमीसारखा फुटून बाहेर गेला नाही. वेडेल सीलच्या माद्यांना श्वासाला आणि वर यायला बर्फात भेगा लागतात. त्या वर्षांत तिथे पिल्लं कमी झाली. इथे आम्ही कोणाला नेत नाही, तरी हा प्रकार सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एकटं पिल्लू दिसलं तर

सर्वांत जास्त तक्रारी आमच्याकडे याच्या येतात. "पिल्लू टाकून आई गेली होती आणि तुमच्या माणसाने काहीच केलं नाही."

गालापागोसमध्ये सांतियागो बेटावर पुएर्तो एगासला लाव्ह्याच्या कपारी आहेत, तिथे फर सील दिवसा सावलीत झोपतात. एका खेपेला आमच्या गटातल्या एक काकू एका पिल्लापाशी थबकल्या. पिल्लू आईला हाका मारत होतं, अगदी करडासारखं. काकूंचा जीव कासावीस. मार्गदर्शकाने त्यांना दोन मीटर मागे घेतलं (तिथला नियमच तेवढ्या अंतराचा आहे) आणि खडकावर बसायला सांगितलं. आई मेलेली नव्हती, कामावर गेलेली होती. पिल्लाजवळ माणसं उभी असतील तर ती पाण्यातून वर यायला कचरते, तेवढा पाजण्याचा वेळ जातो. पिल्लाला हात लावू नका, पाणी शिंपडू नका, फ्लॅश मारू नका.

अर्ध्या तासाने ती वर आली, ओली, काळीभोर. तिने हाक दिली, पिल्लाने ओ दिली, तिने नाकाने हुंगून खात्री केली आणि कुशीवर पडली. काकूंनी सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात मागच्या कपारीतून दुसरं एक, चांगलं थोराड, आदल्या वर्षीचं पिल्लू खाली उतरलं आणि धाकट्याला ढकलून आईच्या पोटाशी शिरलं. गालापागोसमध्ये मादी दोन-दोन, कधी तीन वर्षं पाजते. समुद्र सुकाळाचा असेल तर थोरलं वेळेत सुटतं, नसेल तर दोघं एकाच दुधावर. आई थोरल्याच्या अंगावर धावली, तो जरा हटला, पुन्हा आला.

पुढे काय झालं ते आम्हाला पाहता आलं नाही, बोट सुटायची वेळ झाली होती.