डेफिनिशन आजच्या, पण व्हर्जन कधीचं?

सदाशिव पेठेतलं सीएचं ऑफिस असो, मार्केट यार्डातला आडत्याचा गाळा असो की कोथरूडच्या सोसायटीतल्या सेक्रेटरींचं घर, अँटीव्हायरसबद्दल विचारलं की उत्तर एकच येतं: "अहो, अपडेट आहे की! हे बघा, आजचीच तारीख दाखवतोय." तारीख खरंच आजची असते, शेजारी हिरवी खूणही असते. पण ती तारीख डेफिनिशन्सची, म्हणजे व्हायरस ओळखायच्या यादीची असते. मूळ प्रोग्रॅमचं व्हर्जन चार वर्षांपूर्वीचं असलं तरी ती खूण हिरवीच राहू शकते. हा घोळ इतक्या शहाण्या माणसांच्या तोंडून ऐकलाय की तो एकदा नीट सोडवून सांगायलाच हवा.

आधी रिन्युअल बाजूला काढू, कारण ते सगळ्यांना कळतं. पैसे भरले, लायसन्सची नवी की (चावीचा आकडा) टाकली, मुदत वाढली. लक्षात ठेवायचं ते इतकंच की मुदत शिल्लक आहे म्हणजे सपोर्टही शिल्लक आहे असं नाही. 2024 मध्ये अमेरिकी सरकारने तिथे कॅस्परस्की या अँटीव्हायरसवर बंदी आणली. 20 जुलैपासून नवी विक्री थांबली आणि 29 सप्टेंबरनंतर अपडेट्सही थांबली, मग ग्राहकाच्या लायसन्सचे किती का महिने उरलेले असेनात. तिथल्या अनेकांच्या मशीनवरून कॅस्परस्की निघून अल्ट्राएव्ही नावाचा दुसराच अँटीव्हायरस आपोआप बसला. ती बंदी अमेरिकेतली, आपल्याकडची नाही, पण रिन्युअल आणि सपोर्ट या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्यातून लख्ख दिसतं. तसंच 'विक्री बंद' आणि 'सपोर्ट बंद' यांचं. पहिल्यात नवी की मिळत नाही, दुसऱ्यात प्रोग्रॅमच्या दुरुस्त्या थांबतात. दोन्हींच्या तारखा वेगळ्या असतात, कंपनी त्या जाहीर करते, त्या वाचाव्यात.

आता खरा अडकायचा मुद्दा.

डेफिनिशन्स म्हणजे माहिती: कुठली फाइल वाईट, कुठल्या व्हायरसची ओळख कशी पटवायची. त्या लहान असतात, दिवसातून अनेकदा येतात, रीस्टार्ट मागत नाहीत. व्हर्जन म्हणजे ती माहिती वापरणारा प्रोग्रॅम. फाइल उघडून बघणं, झिपच्या आतली झिप सोडवणं, मेमरीत काय चाललंय ते पाहणं, एखादा प्रोग्रॅम अचानक फोल्डरमागून फोल्डर एन्क्रिप्ट (कुलूपबंद) करायला लागला तर त्याला जागीच थांबवणं, हे सगळं व्हर्जनमधल्या कोडचं काम. नवं व्हर्जन महिन्याने येतं, कधी वर्षाने. ते बऱ्याचदा रीस्टार्ट मागतं आणि आपण 'नंतर' दाबून टॅलीत परत जातो. (इंजिन म्हणजे फाइल तपासणारा गाभा आणि प्लॅटफॉर्म म्हणजे त्याभोवतीचा बाकीचा प्रोग्रॅम, असा आणखी एक पोटभेद आहे. घरगुती वापरासाठी दोन्ही व्हर्जनमध्येच धरावेत, त्यात डोकं घालवू नये.)

"डेफिनिशन ताज्या आहेत ना, मग जुनं व्हर्जन चालतं" हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकतं, कारण ते अर्धवट खरं वाटतं. कालपरवाचा, ओळख पटलेला साधा व्हायरस जुनं व्हर्जनही पकडेल. पण नव्या डेफिनिशन्स नव्या व्हर्जनला गृहीत धरून लिहिल्या जातात. क्लॅमएव्ही या मोफत अँटीव्हायरसचं उदाहरण घ्या. त्याच्या 0.95 पूर्वीच्या व्हर्जनमध्ये एक दोष होता: एखादी डेफिनिशन 980 बाइटपेक्षा लांब झाली की फक्त नवा भाग उतरवून घेणारी अपडेटची सोयच बिघडायची. म्हणजे जुनी व्हर्जन्स वापरणाऱ्यांसाठी सगळ्यांच्याच डेफिनिशन्स आखूड ठेवाव्या लागत होत्या. शेवटी आधी सूचना देऊन, एप्रिल 2010 मध्ये त्यांनी एक खास डेफिनिशन सोडली आणि जुनी व्हर्जन्स बंद पाडली. त्या वेळी बऱ्याच सर्व्हर सांभाळणाऱ्यांनी आरडाओरडा केला. मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो. अर्धवट काम करत हिरवी खूण दाखवणाऱ्या अँटीव्हायरसपेक्षा बंद पडलेला अँटीव्हायरस बरा, निदान माणूस धावत तरी येतो.

दुसरी गोष्ट याहून गंभीर, आणि तिच्याकडे कोणी बघतच नाही. अँटीव्हायरस हाही शेवटी प्रोग्रॅमच, त्यालाही भोकं असतात. मे 2017 मध्ये गूगलच्या प्रोजेक्ट झीरो या भोकं शोधणाऱ्या गटातल्या संशोधकांना मायक्रोसॉफ्ट डिफेंडर या विंडोजसोबतच येणाऱ्या अँटीव्हायरसच्या इंजिनमध्येच असं भोक सापडलं. मुद्दाम तशी बनवलेली फाइल मेलमधून नुसती मशीनवर पोचली, तुम्ही ती उघडलीही नाही, तरी इंजिन ती तपासायला घ्यायचं आणि त्या तपासणीतच हल्लेखोराचा कोड चालू होऊ शकायचा. त्यातून अँटीव्हायरस मशीनवर सर्वोच्च अधिकारांनी चालतो. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांत 1.1.13704.0 हे दुरुस्त इंजिन पाठवलं. व्हायरसच्या यादीत हजार नवी नावं घातली असती तरी ते भोक बुजलं नसतं. ते बुजवायला प्रोग्रॅमच बदलावा लागला.

याच गोंधळाची उलटी बाजूही आहे, आणि तिथे आयटीतले अनुभवी लोक अडकतात. ते म्हणतात, आम्ही मुद्दाम एक व्हर्जन मागे राहतो, म्हणजे बिघडलेलं अपडेट आमच्यापर्यंत येत नाही. शुक्रवार, 19 जुलै 2024 हिंजवडीत कोणी विसरलं नसेल. कंपन्यांना सुरक्षा सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या क्राउडस्ट्राइकच्या 'चॅनल फाइल 291' मुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे 85 लाख विंडोज मशीन्स कोसळली. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. ती फाइल म्हणजे नवं व्हर्जन नव्हतं, डेफिनिशन्सच्या जातीची माहिती होती. ज्या कंपन्यांनी व्हर्जन जाणूनबुजून एक-दोन पायऱ्या मागे ठेवलं होतं त्यांचीही मशीन्स पडली, कारण ती सेटिंग फक्त व्हर्जनला लागू होती. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या वाटांनी येतात. एक वाट अडवली म्हणून दुसरी अडत नाही, आणि एकीवरून माल येतोय म्हणून दुसरीवरूनही येतोय असं धरता येत नाही.

पुण्यातल्या छोट्या ऑफिसांत व्हर्जन जुनं राहतं त्याची कारणंही ठरलेली आहेत. एक म्हणजे पेन ड्राइव्हवर जपून ठेवलेला सेटअप. अँटीव्हायरस बसवायला येणारी मुलं वर्षानुवर्षं तोच सेटअप फिरवतात. की नवी कोरी, तीन वर्षांची. सेटअप मात्र केव्हाचा कोण जाणे. की चालते, डेफिनिशन्स उतरतात, ग्राहक खूश. याची मला मनापासून चीड येते. क्विक हीलसारखी अँटीव्हायरस बनवणारी कंपनी ज्या शहरात उभी राहिली, काटकर बंधूंनी कॅल्क्युलेटर-कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानापासून जो धंदा उभा केला, त्या शहरातल्या तंत्रज्ञांनी तरी सेटअप दर वेळी कंपनीच्या साइटवरूनच उतरवावा.

दुसरं कारण जुनं विंडोज. विंडोज 7 चा सपोर्ट 14 जानेवारी 2020 ला संपला, तरी एखाद्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरसाठी ते मशीन कोपऱ्यात चालूच असतं. अँटीव्हायरस कंपन्या आपली नवी व्हर्जन्स अशा विंडोजवर देणं हळूहळू बंद करतात. 2023 पासून तर मायक्रोसॉफ्टच्या नव्या डिजिटल सही-पद्धतीमुळे आणखी एक अट आली: ती सही ओळखणारा पॅच (दुरुस्तीचा तुकडा) विंडोजमध्ये नसेल तर अनेक कंपन्यांची नवी व्हर्जन्स बसतच नाहीत. मशीन जुन्या व्हर्जनवर अडकतं, डेफिनिशन्स काही काळ येत राहतात आणि स्क्रीनवर सगळं आलबेल दिसतं.

विंडोज 10 वाल्यांसाठी हाच सापळा आत्ता मांडलेला आहे. त्याचा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. डिफेंडरच्या डेफिनिशन्स मात्र विंडोज 10 वर ऑक्टोबर 2028 पर्यंत देऊ असं मायक्रोसॉफ्टने सांगितलंय. म्हणजे 2028 पर्यंत लोक मला आजची तारीख दाखवणार, आणि खालच्या विंडोजची भोकं उघडीच असणार. ज्या मशीनवर दुसऱ्यांचे पॅन, आधार आणि बँकेचे तपशील आहेत ते एकतर विंडोज 11 वर न्या, नाहीतर ईएसयू ही जादा मुदतीच्या पॅचची योजना घ्या. दोन्ही जमत नसेल तर त्याची नेटची वायर काढा. त्यावर महागडा अँटीव्हायरस चढवून हे प्रकरण मिटत नाही. माझं मत विचाराल तर जुन्या व्हर्जनच्या महागड्या अँटीव्हायरसपेक्षा पूर्ण अपडेट असलेल्या विंडोजवरचा फुकटचा डिफेंडर केव्हाही चांगला.

तपासायला दोन मिनिटं पुरतात. 'विंडोज सिक्युरिटी' उघडा, खाली डावीकडे सेटिंग्जचं चाक आहे ते दाबा, मग 'अबाउट'. तिथे ओळीने आकडे दिसतील. 'अँटीव्हायरस व्हर्जन' म्हणजे डेफिनिशन्स. 'इंजिन व्हर्जन' 1.1 ने सुरू होतं. आणि ज्याच्याकडे कोणी बघत नाही ते 'अँटीमालवेअर क्लायंट व्हर्जन', म्हणजे मूळ प्रोग्रॅमचं व्हर्जन, 4.18 ने सुरू होतं. 4.18 नंतरचे पहिले चार अंक म्हणजे वर्ष आणि महिना: 4.18.24090 असं दिसलं तर ते सप्टेंबर 2024 चं. मायक्रोसॉफ्ट चालू व्हर्जन आणि त्याआधीची दोन, एवढ्यांनाच सपोर्ट देतं. तुमचा आकडा वर्षभर मागचा असेल तर विंडोज अपडेट कुठेतरी अडलंय, आधी ते मोकळं करा.

दुसरा कुठला अँटीव्हायरस असेल तर त्याच्या 'हेल्प' किंवा 'अबाउट' मध्ये प्रॉडक्ट व्हर्जन आणि व्हायरस डेटाबेसची तारीख वेगवेगळी दिलेली असते. व्हर्जनचा आकडा कागदावर उतरवा आणि कंपनीच्या साइटवर त्या व्हर्जनचा सपोर्ट कधीपर्यंत आहे ते पाहा. रिन्युअलचे पैसे त्यानंतर भरा.