कॉलऱ्याच्या साथीचा प्रयोगशाळेतला तपास

एखाद्या भागात कॉलऱ्याची (जुन्या भाषेत पटकीची) साथ आली की रुग्णांच्या विष्ठेतून आणि आसपासच्या पाण्यातून जंतू वेगळा काढायचा, तो नेमका कोणता, कुठून आला, कुठल्या औषधाला दाद देतो हे ठरवायचं, असा हा तपास. रिपोर्टसाठी उपचार कधीच थांबवत नाहीत. साथ पक्की ठरवायला मात्र कल्चर (जंतू वाढवून बघणं) किंवा पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी टेस्ट) लागतंच, झटपट टेस्टची पट्टी फक्त धोक्याची घंटा म्हणून बघायची.

जंतूचं नाव व्हिब्रियो कॉलरी. त्याचे दोनशेहून जास्त सेरोग्रुप (जंतूच्या बाहेरच्या आवरणावरून केलेले गट) आहेत, पण मोठ्या साथी ओ१ आणि ओ१३९ या दोघांच्याच, त्यातला ओ१३९ १९९२ च्या सुमारास चेन्नई आणि बंगालच्या बाजूला दिसला आणि नंतर मागे पडला. शोधाचं श्रेय बहुतेक जण जर्मन शास्त्रज्ञ कॉखला (१८८३-८४) देतात, पण फ्लॉरेन्सच्या पाचिनीने १८५४ मध्येच हे वाकडे जंतू मायक्रोस्कोपखाली बघून लिहून ठेवले होते, त्यामुळे अधिकृत नावापुढे आता पाचिनी आणि १८५४ असंच लागतं आणि ते योग्यच आहे. विषाचा पुरावा त्यानंतर शंभरेक वर्षांनी, १९५९ मध्ये, कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दिला, त्यांचं नाव या विषयात अजून पुरेसं घेतलं जात नाही.

नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधी घ्यायचा, इथे चूक झाली की पुढचं सगळं वाया जातं. स्वॅब कॅरी-ब्लेअर माध्यमात (वाटेत जंतू जिवंत ठेवणाऱ्या) घालून साध्या तापमानालाच पाठवायचा, फ्रिजमध्ये नाही. माध्यम नसेल तर ब्लॉटिंग पेपरची पट्टी विष्ठेत भिजवून, सलाइनचे दोनतीन थेंब टाकून, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केली तरी चालते. लॅबमध्ये आधी नमुना अल्कलाइन पेप्टोन वॉटरमध्ये (जंतूची संख्या वाढवणाऱ्या द्रवात) साधारण ६ ते ८ तास, आणि ट्यूब हलवायची नाही, कारण जंतू पृष्ठभागाशी वाढतो, लूप (तारेचं छोटं कडं) वरच्या थरातच बुडवायचा. मग टीसीबीएस प्लेट (व्हिब्रियो निवडून वाढवणारं माध्यम), दुसऱ्या दिवशी हिरव्या प्लेटवर २ ते ४ मिलिमीटरच्या पिवळ्या, चपट्या कॉलनी दिसतात. ऑक्सिडेज टेस्ट (जंतूतलं एक एन्झाइम बघणारी) या प्लेटवरून थेट करू नये, साध्या अगारवर परत वाढवून घ्यावं. स्ट्रिंग टेस्ट बघण्यासारखी असते: सोडियम डीऑक्सिकोलेटच्या थेंबात कॉलनी घोळली की मिनिटभरात गढूळपणा जातो आणि लूप वर उचलला की चिकट तार ओढली जाते. शेवटी अँटिसेराने (ठरावीक जंतूलाच चिकटणाऱ्या अँटिबॉडींनी) स्लाइडवर आधी ओ१ आहे का, मग त्याचा उपप्रकार ओगावा की इनाबा हे बघायचं.

ओ१ चे बायोटाइप (गुणधर्मांवरून केलेले प्रकार) दोन, क्लासिकल आणि एल टोर. एल टोर हे नाव सिनाईच्या क्वारंटाइन ठाण्याचं, तिथे १९०५ मध्ये गॉटश्लिश या संशोधकाला हा जंतू कॉलऱ्याची लक्षणं नसलेल्या यात्रेकरूंमध्ये मिळाला, म्हणून हा खरा कॉलरा का यावर कित्येक वर्षं वाद चालला. १९६१ मध्ये सुलावेसीहून सातवी जागतिक साथ याच जंतूमुळे सुरू झाली आणि वाद मिटला. आता विषाचं जनुक क्लासिकलसारखं असलेले एल टोर सर्रास मिळतात, त्यामुळे जुन्या बायोटाइप टेस्ट एकट्या पुरत नाहीत.

उगमाचा सगळ्यात गाजलेला वाद हैतीचा. तिथे किमान शंभर वर्षं कॉलऱ्याची नोंद नव्हती आणि ऑक्टोबर २०१० मध्ये आर्तिबोनित नदीच्या काठाने साथ पसरली. एक मत असं की किनाऱ्याच्या पाण्यातलाच जंतू हवामानामुळे उसळला, काही रुग्णांत ओ१ नसलेले व्हिब्रियो मिळाल्याचा दाखलाही या बाजूने देतात. दुसरं मत, नदीच्या उपनदीजवळच्या संयुक्त राष्ट्रांच्या छावणीतल्या नेपाळी शांतिसैनिकांबरोबर तो आला. २०११ मध्ये नेपाळच्या २४ स्ट्रेनचे (रुग्णांतून वेगळ्या काढलेल्या जंतूंचे) जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, हैतीच्या स्ट्रेनशी ताडून पाहिले तर काहींत फरक एकदोन बेसचाच (डीएनएच्या अक्षरांचाच) निघाला. जीनोमचा आणि साथ कुठून कशी पसरली याचा पुरावा इतका जुळतो की दुसरं मत जास्त सबळ वाटतं. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनीही हैतीच्या लोकांची माफी मागितली.

पाण्याचा नमुना निगेटिव्ह आला म्हणून पाणी निर्दोष ठरलं असं नाही, जंतू जिवंत असूनही कल्चरमध्ये वाढत नाही अशी अवस्था असते. सांडपाण्यात गॉजचा बोळा एकदोन दिवस सोडून मग तपासला तर मिळण्याची शक्यता वाढते.

मिळालेले स्ट्रेन मऊ अगारच्या ट्यूबमध्ये टोचून, वर मिनरल ऑइल घालून, अंधारात साध्या तापमानाला महिनोन्‌महिने टिकतात. हैतीशी जुळणी झाली ती नेपाळमध्ये कोणीतरी स्ट्रेन जपून ठेवले होते म्हणूनच.