पाळणाघर आधी, कोचिंग नंतर

कोचिंग म्हटलं की मराठी घरात अजूनही लातूर किंवा कोटा आठवतं, आणि पाठोपाठ फीची पावती. हल्ली हा शब्द भलत्याच ठिकाणी भेटतो. संशोधन संस्थांच्या परिपत्रकांत ‘महिला शास्त्रज्ञांसाठी करिअर कोचिंग’, ‘नेतृत्व कार्यशाळा’, ‘वर्क-लाइफ बॅलन्स’ असे विषय दिसतात. पीएचडी झालेल्या, पेपर छापून आलेल्या बाईला आता आणखी कोणता क्लास लावायचा राहिला, असं कुणी विचारलं तर ते खवचट वाटेल. पण या विषयात जुना वाद तोच आहे. शिकवायचं कुणाला, बाईला की संस्थेला?

१९३३ साली मुंबई विद्यापीठातून बीएस्सीला अव्वल आलेल्या कमला भागवत यांनी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. वडील आणि काका दोघेही तिथेच शिकलेले, त्यामुळे प्रवेश मिळणार हे घरात सगळ्यांनी धरून चाललेलं. संचालक सी. व्ही. रामन यांनी नकार दिला. अर्जदार मुलगी होती, एवढंच कारण. कमलाबाई म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या बहीण. हट्ट त्या घरात कमी नव्हता. त्या थेट बंगळूरला जाऊन रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या, गांधींच्या वाटेने सत्याग्रहाची भाषा केली आणि अखेर प्रवेश मिळवला. मात्र अटी होत्या. पहिलं वर्ष चाचणीचं, त्यात नियमित विद्यार्थिनी म्हणून नाव लागणार नाही. गाईड सांगतील तेव्हा, रात्री उशिरासुद्धा, काम करावं लागेल. आणि प्रयोगशाळेचं वातावरण बिघडवायचं नाही.

दुसरी अट मला नेहमी थांबवते. बाई आली की वेळेची अडचण येणार, हे तिथे आधीच ठरलेलं आहे. बाईंनी अजून एकही दिवस काम केलेलं नाही, लग्न झालेलं नाही, मूल नाही, तरी त्यांच्याकडून रात्रीची हमी घेतली गेली. वर्षभरात त्यांचं काम पाहून रामन यांचं मत बदललं आणि मुलींना संस्थेत वाट मिळू लागली, हेही त्याच गोष्टीत येतं. १९३६ला एमएस्सी, मग केंब्रिज, आणि १९३९मध्ये बटाट्यातल्या सायटोक्रोम सी या घटकावरच्या कामाबद्दल पीएचडी. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता. पुढे दिल्ली, कुन्नूर, आणि १९४७मध्ये लग्न झाल्यावर मुंबई. इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर काम केलं, त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. त्याच संस्थेचं संचालकपद मात्र त्यांच्या वाट्याला यायला उशीर झाला. केंब्रिजची पदवी, राष्ट्रपती पुरस्कार आणि तरी थांबायला लागणं. यात आत्मविश्वासाचा कुठला क्लास उपयोगी पडला असता?

पुण्याच्या वेधशाळेमुळे मराठी वाचकाला अॅना मणी हे नाव परिचयाचं असेल. रामन यांच्याच प्रयोगशाळेत त्यांनी हिऱ्यांच्या प्रकाशीय गुणधर्मांवर काम केलं आणि १९४५मध्ये मद्रास विद्यापीठाकडे प्रबंध सादर केला. तुमच्याकडे एमएस्सी नाही, असं सांगून विद्यापीठाने पीएचडी नाकारली. त्या इंग्लंडला गेल्या, हवामानाची उपकरणं शिकल्या, १९४८मध्ये पुण्यात हवामान खात्यात रुजू झाल्या. उपकरणं बाहेरून मागवण्याऐवजी इथेच बनवायची, हे त्यांचं काम. त्यांनी लग्न केलं नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांनीही केलं नाही. त्या पिढीत संसार की संशोधन हा प्रश्न सोडवण्याचा एक सरळ मार्ग असा होता, की एक बाजूच सोडून द्यायची. ज्यांनी सोडली नाही त्यांच्या घरी आई, सासू, विधवा आत्या असं कुणी तरी असायचं. त्या मदतीची नोंद कुठल्याही प्रबंधाच्या ऋणनिर्देशात सापडली तर एका ओळीत सापडते.

सत्तरच्या दशकात चित्र जरा बदलतं. अमेरिकेत १९७१मध्ये महिला शास्त्रज्ञांची संघटना झाली. आपल्याकडे १९७३मध्ये मुंबईत ‘इंडियन विमेन सायंटिस्ट्स असोसिएशन’ स्थापन झाली. वाशीला तिचं मुख्यालय उभं राहिलं, आणि तिथे काय आहे ते बघण्यासारखं आहे. विज्ञानप्रसाराची कामं आहेतच, शिवाय नोकरदार महिलांसाठी वसतिगृह आहे आणि पाळणाघर आहे. खाडीच्या अलीकडे अणुशास्त्रज्ञांची वसाहत असलेलं अणुशक्तीनगर, पलीकडे वाशी. मुंबईतल्या प्रयोगशाळांत कामाला जाणाऱ्या बायकांची अडचण ओळखणाऱ्यांनी व्याख्यानमालेवर भागवलं नाही. मुलाला सकाळी कुठे ठेवायचं आणि बाहेरगावच्या मुलीने रात्री कुठे राहायचं, या दोन प्रश्नांना त्यांनी विटा-सिमेंटमध्ये उत्तर दिलं. ‘वर्क-लाइफ बॅलन्स’ हे शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हते.

कोचिंगचा धागा याच काळात, पण वेगळ्या देशात सुरू होतो. टेनिस शिकवणाऱ्या टिमोथी गॅल्वे यांनी सत्तरच्या दशकात मांडलं, की खेळाडूला सूचनांचा मारा करण्यापेक्षा त्याचं लक्ष योग्य जागी वळवावं. ते कंपन्यांनी उचललं, आणि १९९५मध्ये कोचेसची आंतरराष्ट्रीय संघटनाही झाली. मेंटॉर आणि कोच यांत फरक करतात तो असा: मेंटॉर तुमच्याच क्षेत्रातला, स्वतःच्या अनुभवातून वाट दाखवणारा, कोचला तुमचा विषय कळलाच पाहिजे असं नाही, तो प्रश्न विचारून तुमच्याकडूनच उत्तर काढतो. दुसरा धागा मानसशास्त्राचा. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८मध्ये दीडशेच्या आसपास यशस्वी स्त्रियांच्या अनुभवांवरून ‘इम्पोस्टर’ या भावनेचं वर्णन केलं: आपण या जागेच्या लायकीचे नाही, आज ना उद्या पितळ उघडं पडणार, ही धास्ती. आजच्या बहुतेक कार्यशाळांत हा शब्द असतोच. धास्ती खरी असते, त्यावर बोलल्याने बरं वाटतं, हेही खरं. पण हा शब्द सापडला आणि दोष सगळा बाईच्या मनात आहे, असं समजायला संस्थांना फार सोयीचं झालं.

त्यावर सर्वांत चांगला उतारा एका मोजपट्टीने दिला. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या जीवशास्त्रज्ञ नॅन्सी हॉपकिन्स यांना नव्वदच्या दशकात मासे ठेवायला थोडी जागा हवी होती, ती मिळेना. रात्री त्या मोजपट्टी घेऊन इमारतीत फिरल्या आणि कुणाला किती जागा आहे ते मोजून काढलं. त्यांच्याच पातळीच्या पुरुष सहकाऱ्यांपेक्षा त्यांची प्रयोगशाळा लहान निघाली. १९९४मध्ये तिथल्या विज्ञान शाखेत कायम प्राध्यापकांपैकी पुरुष १९४ आणि स्त्रिया १५ होत्या. त्या स्त्रिया एकत्र आल्या, समिती झाली, १९९९मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. तरुण प्राध्यापिकांना वाटत होतं, की अडचण असेल तर घर-मुलांची. वयाने मोठ्या बायका सांगत होत्या, की मुलं मोठी झाली तरी बाजूला सारलं जाणं संपत नाही, उलट वाढतं. पगार, जागा, समित्यांवरच्या नेमणुका यांत फरक होता. संस्थेने तो मान्य केला, हे विशेष.

आपल्याकडची घडी वेगळी बसली आहे, आणि तिथे वयाचा हिशोब मांडल्याशिवाय काही कळत नाही. पीएचडी संपते अठ्ठावीस-तिशीच्या घरात. मग दोन-चार वर्षं पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं मुदतीचं संशोधन, तेही शक्यतो परदेशात, कारण कायम जागेच्या मुलाखतीत ते विचारलं जातं. तरुण शास्त्रज्ञांचे पुरस्कार, सुरुवातीची ग्रँट, कित्येक जाहिराती, सगळं पस्तिशीभोवती फिरतं. लग्न आणि बाळंतपणाचा काळही तोच. नवरा शास्त्रज्ञ असेल तर दोघांना एकाच गावात जागा मिळणं अवघड, एकाच संस्थेत त्याहून अवघड. पती-पत्नीला एकत्र घ्यायचं नाही हा बऱ्याच ठिकाणी न लिहिलेला नियम. मग कुणी तरी एकाने कॉन्ट्रॅक्टवर राहायचं, आणि ते कुणी हे सांगायची गरज नाही.

यावर सरकारचा पहिला ठोस उपाय २००२-०३मध्ये आला. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने महिला शास्त्रज्ञ योजना काढली. घरासाठी संशोधन सोडलेल्यांना फेलोशिप देऊन परत आणायचं. वयोमर्यादा पुढे २७ ते ५७ अशी सैल होती. एका शाखेतून स्त्रियांना पेटंटच्या कामाचं प्रशिक्षण मिळालं, आणि ही शाखा मला त्यातल्या त्यात हुशार वाटते, कारण ते काम घरून करता येतं आणि त्याला बाजारात मागणी आहे. संशोधनाच्या शाखेत मात्र तीन वर्षं संपली की प्रश्न पुन्हा तोच. संस्थेने जागा दिली पाहिजे असं बंधन नव्हतं. ब्रिटनमध्ये भौतिकशास्त्रज्ञ डॅफ्ने जॅक्सन यांनी १९८५मध्ये अशीच परतीची फेलोशिप सुरू केली होती, तीही अर्धवेळ. जर्मनीत नोबेल मिळवलेल्या क्रिस्टिआने न्यूस्लाइन-फोलहार्ड यांनी २००४मध्ये निधी काढला तो तर आणखी थेट. मुलं असलेल्या संशोधक मुलींना घरकामाला आणि मुलं सांभाळायला माणूस ठेवता यावं म्हणून पैसे. आपल्याकडे हे काम पोळ्यावाल्या मावशी करतात, त्यामुळे त्यासाठी फेलोशिप काढावी असं कुणाला सुचलं नसावं.

२००८मध्ये भारतीय विज्ञान अकादमीने सुमारे शंभर भारतीय महिला शास्त्रज्ञांच्या कहाण्यांचा ‘लीलावतीज डॉटर्स’ हा संग्रह काढला. संपादकांपैकी एक रोहिणी गोडबोले, हुजूरपागा आणि एसपीच्या विद्यार्थिनी, कणभौतिकीतलं मोठं नाव. २०२४मध्ये पुण्यात त्यांचं निधन झालं. त्या नुसत्या गौरवावर थांबल्या नाहीत. २०१०मध्ये अकादमी आणि बंगळूरच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेने मिळून केलेल्या पाहणीत त्या होत्या. पीएचडी झालेले ५६८ जण तिच्यात धरले होते: संशोधनात असलेल्या ३१२ स्त्रिया, बाहेर पडलेल्या १८२ आणि ७४ पुरुष. संशोधनात टिकलेल्या स्त्रियांपैकी १४ टक्क्यांनी लग्नच केलेलं नव्हतं. पुरुषांत हे प्रमाण अडीच टक्के. अॅना मणींची वाट अजून वापरात होती. बायका का सोडतात, यावर पुरुषांचं उत्तर ठरलेलं: घर. सोडलेल्या बायकांनी मात्र हवी तशी नोकरी न मिळणं हे मोठं कारण सांगितलं. म्हणजे ‘तारेवरची कसरत’ ही आपल्या वर्तमानपत्रांची आवडती उपमा जिथे वापरतात, तिथे मुळात तारच बांधलेली नव्हती.

रजेचे नियम त्याच सुमाराला बदलू लागले. सप्टेंबर २००८पासून केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना १८० दिवसांची प्रसूती रजा आणि नोकरीभरात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळू लागली. २०१६मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएचडी करणाऱ्या मुलींना एकदा २४० दिवसांची रजा आणि मुदतीत दोन वर्षांची सूट दिली. याने फार फरक पडतो. गाईडच्या मर्जीवर असलेली गोष्ट नियमात आली.

आणि मग संस्थेला शिकवण्याची पाळी. ब्रिटनमध्ये २००५पासून ‘अथेना स्वान’ नावाची सनद आहे. विद्यापीठाने आपल्याकडचे आकडे मोजायचे, उणिवा कबूल करायच्या, सुधारणा दाखवायच्या आणि त्याप्रमाणे पदक मिळवायचं. २०२०मध्ये त्याच धर्तीवर आपल्याकडे ‘गति’ हा उपक्रम आला आणि पहिल्या फेरीत ३० संस्था निवडल्या गेल्या. कोचिंगला अशा ठिकाणी खरा उपयोग आहे असं माझं मत. समिती, जागा, रजा यांचं गणित बसलेलं असेल तर पगार कसा मागायचा, नको ती जबाबदारी कशी टाळायची, माणसं कशी सांभाळायची, हे कुणी शिकवलं तर चांगलंच. आपल्याकडे पीएचडी करताना ते कुणीच शिकवत नाही, पुरुषांनाही नाही.

पाळणाघराचं पुढे काय झालं? १९६१च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७मध्ये दुरुस्ती झाली. रजा १२ आठवड्यांवरून २६ झाली, आणि पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय सक्तीची झाली. वाशीतल्या बायकांनी आपल्या हिकमतीवर केलेली गोष्ट या कायद्यात यायला कित्येक वर्षं लागली. पाळणाघरात दिवसातून चार वेळा जाऊन यायची मुभा त्या कलमात आहे. मुभा स्त्रीला आहे. बापाचा उल्लेख तिथे नाही.