स्प्रिंट कारच्या डोक्यावरचा पंख

अमेरिकेतल्या मातीच्या अंडाकृती ट्रॅकवर शनिवारी रात्री स्प्रिंट कार, म्हणजे शर्यतीच्या लहान पण ताकदवान गाड्या, धावतात. त्यांच्या जुन्या काळाबद्दल फार सांगण्यासारखं नाही: उघडी गाडी, उघडा ड्रायव्हर, बऱ्याचदा जत्रेच्या मैदानातला घोड्यांचा ट्रॅक. १९५५ मध्ये फ्रान्समध्ये ल मान्सच्या शर्यतीतल्या अपघातात ८० हून जास्त माणसं मेली आणि अमेरिकेतल्या मोटारमालकांच्या मोठ्या संघटनेने शर्यतींतून अंग काढून घेतलं. गावोगावचे ट्रॅक मात्र चालूच राहिले. पुढे रोल केज, म्हणजे ड्रायव्हरभोवतीचा पोलादी नळ्यांचा पिंजरा, आला, तेव्हा त्याने शर्यतीतली मर्दुमकी जाईल म्हणून जुन्या मंडळींनी नाकं मुरडली.

खरा वाद पंखाचा, आणि तो अजून मिटलेला नाही. छपरावर सुमारे २५ चौरस फुटांचा हा पंख असतो. धावताना हवा त्याला खाली दाबते आणि चाकं माती धरून राहतात. गाडी उलटली की पंख चुरगळतो, धक्क्याचा काही भाग त्यातच जिरतो. इथवर सुरक्षितता. पण पकड मिळाली की ड्रायव्हर वळणावरही अ‍ॅक्सिलरेटर फारसा सोडत नाही. मग ९०० च्या आसपास हॉर्सपॉवरची, जेमतेम साडेसहाशे किलोची गाडी भिंतीवर आदळते तीही जास्त वेगाने. इंडियाना राज्यातल्या अनेक शौकिनांना बिनपंखाची गाडीच आवडते: ती आडवी घसरत वळण घेते, हातांचं कसब दिसतं. पेनसिल्व्हेनियात पंखवाल्यांचं राज्य. पंखाला निव्वळ सुरक्षेचं साधन म्हणणं मला तरी पटत नाही. त्यावर जाहिरात रंगवायला ऐसपैस जागा मिळते, हेही कारण काही लहान नाही.

२००१ मध्ये डेटोनाच्या शर्यतीत एका नामवंत ड्रायव्हरचा मृत्यू झाला. त्याच वर्षी स्टॉक कारच्या, म्हणजे रस्त्यावरच्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांच्या, वरच्या मालिकेत डोकं-मान आवरणारं साधन सक्तीचं झालं, आणि २००२ मध्ये इंडियानापोलिसच्या मोठ्या ट्रॅकवर पोलाद आणि फोमची धक्का शोषणारी भिंत आली. ती गावच्या ट्रॅकला परवडत नाही, तिथे बहुतेक काँक्रीटच.

ऑगस्ट २०१४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात मातीच्या ट्रॅकवर भिंतीला धडकलेला तरुण ड्रायव्हर रागाने गाडीबाहेर आला आणि दुसऱ्या गाडीखाली सापडून गेला. त्यानंतर स्टॉक कारच्या त्याच मोठ्या मालिकेने काही दिवसांतच नियम काढला: आग किंवा तसाच धोका नसेल, तर बचाव पथक सांगेपर्यंत गाडीतच बसायचं. कित्येक लहान ट्रॅकनीही तो उचलला. बाहेर येऊन हातवारे करणाऱ्या ड्रायव्हरला स्टँडमधून सगळ्यात जास्त शिट्ट्या मिळायच्या, त्यामुळे काही प्रेक्षकांना हा नियम टोचला असेल.